पट्टे मोजू नका, सुरुवात बघा

माणसं दगावतात ती मुख्यतः चार सापांमुळे, हे शाळेपासून ऐकत आलो: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. साप ओळखायला शिकायचं मनावर घेतलं तेव्हा वाटलं, चौघांची चित्रं पाठ केली की काम फत्ते. पावसाळ्यात जवळा बाजारच्या शिवारात सोयाबीन दाटलं की उंदीर-बेडकांमागं साप येतातच. सर्पमित्र भाऊला फोन आला की मी त्याच्या गाडीवर मागं बसू लागलो आणि पाठ केलेलं सगळं विसकटायला लागलं.

पहिला धक्का नागाचा. फण्यावरचा दहाचा आकडा शोधायचा, एवढंच मला ठाऊक. पण फणाच काढला नाही तर आकडा दिसायचा कसा? शिवाय काही नागांना तो नसतोच. नागनाथाच्या औंढा तालुक्यात राहतो मी, पण फणा मिटलेला नाग आणि धामण यांत मला फरक सांगता येईना. धामणीनं तर घोळात भरच घातली: कुठं पिवळसर, कुठं तपकिरी, कुठं काळपट. भाऊ म्हणाला, “सर, अंगाचा रंग सोडा, तोंड बघा.” धामणीच्या ओठांवर काळ्या उभ्या रेघा असतात आणि डोळा मोठा असतो. पळत्या सापाच्या ओठांवर नजर कुणाची ठरते, हे मात्र त्यानं सांगितलं नाही.

एका घरात भिंतीवरून पकडलेला साप त्यानं बरणीत घेतला. तपकिरी अंग, पांढरट आडवे पट्टे. घरातले एकमुखानं म्हणाले, “मण्यार!” भाऊनं बरणी उजेडात फिरवली. पट्टे मानेपासूनच सुरू होत होते, कडेला फाटे फुटत होते आणि शेपटीकडं पुसट होत गेले होते. हा कवड्या, बिनविषारी. पाली खायला भिंती चढतो. मण्यारचं नेमकं उलटं. अंग निळसर काळं, तुकतुकीत. मानेजवळ पट्टे नसतात किंवा तुटक असतात, शेपटीकडं ठळक होतात आणि बहुधा जोडीजोडीनं येतात. पाठीच्या मधल्या रांगेतले खवले मोठे, षटकोनी. तेव्हा पट्टे किती हे मोजू नये, कुठून सुरू होतात ते बघावं.

एवढं उमगलं म्हणेपर्यंत घोणस पुढ्यात. तिच्या अंगावर गडद कडांच्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा, अगदी शिस्तीत. तिच्याशी गल्लत होते ती डुरक्या घोणस आणि अजगराच्या पिल्लाची; त्यांच्या अंगावर असतात ते वेडेवाकडे डाग. डुरक्याची शेपटी आखूड. खरी घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारली, तेव्हा रांगा तपासायचं भानच उरलं नाही. फुरश्याच्या डोक्यावर बाणाची खूण असते म्हणे. ते चिमुकलं डोकं दगडांत शोधायची वेळ अजून आली नाही.

त्यात कात टाकायला आलेला साप मळकट दिसतो, त्याचे डोळे दुधाळ होतात. रात्री बॅटरीच्या उजेडात तपकिरी आणि काळा सारखेच. भाऊ कितीतरी वर्षं हे करतोय, तरी खवले नीट दिसेपर्यंत नाव उच्चारत नाही.

म्हणून माझं मत असं: हौस म्हणून शिका, साप ओळखता आला की बिनविषारी जीव काठीखाली मरत नाही. पण ओळखीच्या भरवशावर हात घालू नका. आणि कुणाला साप चावलाच, तर “बिनविषारीच होता” म्हणत घरी थांबू नका. मण्यारचा दंश झोपेत कळतही नाही. पुढं पोट दुखतं, पापण्या जड होतात. आपल्याकडची प्रतिसर्पविष लस या चारही सापांवर चालते आणि डॉक्टर लक्षणं बघून उपचार करतात. साप मारून सोबत न्यायची गरज नाही. माणसाला धीर द्या, चावलेला भाग हलू देऊ नका, दोरी आवळू नका, मांत्रिकाकडं वेळ घालवू नका. गाडी काढा आणि थेट सरकारी दवाखाना गाठा.