अपडेट किती वर्षं?

बाबांसाठी फोन घ्यायचाय. जुन्याची बॅटरी, स्क्रीन सगळं धड आहे, पण अँड्रॉइड जुनं झालं म्हणून बँकेचं ॲप चालेनासं झालंय. पेन्शन जमा झाली का हे बघायला त्यांना सदाशिव पेठेतल्या गर्दीतून शाखेत जावं लागतं. चांगली चालणारी वस्तू अशी बाद व्हावी, याचा मनापासून राग येतो.

टिळक रोडवरच्या दुकानांत कॅमेरा आणि हप्त्यांवर भरभरून बोलतात. सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार, हे विचारलं की गप्प.

ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलनं पिक्सेल ८ साठी सात वर्षांच्या अपडेटचं वचन दिलं, जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगनं गॅलेक्सी एस२४ साठी. पण ही वर्षं साधारणपणे फोन बाजारात आल्यापासून मोजतात, आपल्या बिलाच्या तारखेपासून नव्हे. म्हणजे सवलतीत मिळणाऱ्या दोन वर्षांपूर्वीच्या मॉडेलची दोन वर्षं आधीच संपलेली! हे गिऱ्हाइकाला कुणीच सांगत नाही.

युरोपीय संघात २० जून २०२५पासून फोनच्या टिकाऊपणाचे आणि अपडेटचे नियम लागू झाले. आपल्याकडे बिस्किटाच्या पुड्यावर मुदत छापतात. फोनच्या खोक्यावरही शेवटच्या अपडेटचं वर्ष छापायलाच हवं. ग्राहक संघटनांनी हा विषय लावून धरावा.

बाबांसाठी गॅलेक्सी ए१६ फाइव्ह-जी ठरवला. २०२४ अखेरीस आलेला, मध्यम किमतीचा, आणि सहा वर्षांच्या अपडेटचा.