राजधानीचा मुक्काम

आमच्या पांढुर्ण्याच्या माणसाला कुणी विचारले, "राजधानीला कधी जाऊन आलात?" तर तो आधी क्षणभर गोंधळतो. त्याच्या मनातली राजधानी एका दिशेला आणि कागदावरची दुसऱ्या दिशेला. स्टेशनवर उभे राहिले की नरखेडकडून येणारी गाडी भोपाळकडे जाते आणि मुलताईकडून येणारी नागपूरकडे. नागपूर शंभरेक किलोमीटर, भोपाळ त्याच्या जवळजवळ तिप्पट. दुखणे, लग्नाचा बस्ता, चष्म्याचा नंबर, संत्र्याचा भाव हे सारे नागपूरला. पेन्शन, बदली, मान्यता, गुणपत्रिका हे सारे भोपाळला.

माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. १ नोव्हेंबर १९५६ चा विषय निघाला की ते म्हणत, "आपण काही हललो नाही रे, राजधानीच उठून गेली." त्या दिवसापर्यंत नागपूर ही मध्यप्रदेशाची राजधानी होती. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर आमचे सौंसर-पांढुर्णे इकडेच राहिले. मुख्यमंत्री रविशंकर शुक्लही नागपूरहून भोपाळला गेले आणि दोनच महिन्यांत, त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला वारले. वडील ही गोष्ट अशा सुरात सांगत, की जणू जागाबदल मानवला नाही.

नागपुरात उतरायचे कुठे, हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नाही. महालात आत्या होती. सकाळी तर्री-पोहे, दुपारी आत्याच्या हातचा वडा-भात, संध्याकाळी सीताबर्डीवर फेरी आणि परतताना संत्रा बर्फीचा डबा. आत्या गेली तेव्हा तिचा मुलगा होता. ज्या गावात आत्या असते तिथे माणूस मुक्काम करत नाही, राहायला जातो. भोपाळला आमची आत्या नव्हती.

म्हणून भोपाळला जाणाऱ्या माणसाला गावातले अनुभवी लोक आधी पाठ पढवत. पहिला मार्ग म्हणजे आमदारांची चिठ्ठी घेऊन विधायक विश्रामगृह गाठायचे. तिथे सौंसरचा, मुलताईचा, बैतूलचा असा कुणी ना कुणी आधीच पथारी पसरून बसलेला असे, आणि निम्म्या रात्रीपर्यंत संत्र्याच्या कलमांवर चर्चा चाले. दुसरा मार्ग, भेलच्या वसाहतीत कुणाचा तरी मेहुणा शोधायचा. पिपलानी, बरखेडा भागात मराठी घरे पुष्कळ. तिसरा मार्ग म्हणजे स्टेशनाबाहेर हमीदिया रोडवरचे लॉज. खिशाला परवडणारे, झोपेला न परवडणारे.

या तिसऱ्या मार्गाने मी फेब्रुवारी १९९८ मध्ये गेलो. तेव्हा मी साधा शिक्षक होतो. बरोबर आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील होते. पाच एकरांचा धनी, साधा माणूस. मुलाची रेल्वेत निवड झाली होती. कागदपत्रांची तपासणी झाली तेव्हा जातीच्या दाखल्यावर आडनावात 'ळ' आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर 'ल' निघाला. तपासणाऱ्याच्या दृष्टीने ती दोन माणसे होती. दुरुस्त गुणपत्रिका आणायला पंधरा दिवसांची मुदत मिळाली होती.

हिंदीत 'ळ' वापरात नाही, हे आपण दोन भाषांत जगणारे लोक जन्मापासून जाणतो. घरी काळे, शाळेत काले. बाळ घरी, बाल शाळेत. आपल्याला त्याचे काही वाटत नाही. वाटते ते कागद अडतो तेव्हा.

रात्रीच्या गाडीने निघून सकाळी भोपाळला उतरलो. लॉजमध्ये तोंड धुतले, कोपऱ्यावर पोहे-जिलबी घेतली. पोह्यांवर शेव होती, तर्री नव्हती. त्यांनी पोहे पाहिले आणि पिशवीतली भाकरी-ठेचा काढला. पिशवीत खाली मृग बहाराची दोन डझन संत्रीही होती. "साहेबासाठी आणली जी," ते म्हणाले. मी म्हणालो, ती पिशवीतच राहू द्या.

कार्यालयातला बाबू वयस्क होता, भला होता. अर्ज वाचून म्हणाला, "मास्साब, ये अक्षर हमारे यहाँ तो चलता नहीं. बोलते कैसे हैं?" मी बोलून दाखवले. त्याने दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा 'ड़' आला. तोही हसला, आम्हीही हसलो. मग मूळ फॉर्म पाहावा लागेल म्हणून त्याने आत निरोप धाडला. दोन तासांनी १९९५ चा गठ्ठा आला. त्याने फॉर्म काढला, तळाशी पाहिले आणि तो माझ्यापुढे सरकवत सहज म्हणाला, "ये तो आप ही के दस्तख़त हैं."

फॉर्म मीच भरला होता. मुलांची अक्षरे वाईट म्हणून त्या वर्षी साऱ्या वर्गाचे फॉर्म मी स्वतः भरले होते, आणि त्याबद्दल मुख्याध्यापकांकडून शाबासकीही घेतली होती. सुवाच्य, रेखीव 'ल'. कागद हिंदीचा, म्हणून मी तो हिंदीत लिहिला होता. इतकी वर्षे भोपाळवर ढकललेली चूक भोपाळची नव्हतीच.

ते माझ्या शेजारीच उभे होते. त्यांना वाचता येत होते.

नियमाप्रमाणे शाळेचा मूळ दाखला, शपथपत्र आणि शुल्क भरून अर्ज दाखल झाला. बाबूने आपल्या हाताने त्यावर 'अति आवश्यक' लिहिले. निघताना त्यांनी पिशवी पुढे केली. बाबूने एकच संत्रे उचलले, तिथेच सोलले आणि अर्धे त्यांच्याच हातावर ठेवले.

परतीच्या गाडीला वेळ होता. जुन्या शहरात चौकाकडे गेलो. तिथल्या चहात मीठ घालतात. एक घोट घेऊन ते दचकले. "सर, मीठ पडलं काय जी चुकून?" मी म्हणालो, "नाही हो, इथला चहाच असा असतो." ते थांबले, मग म्हणाले, "असू द्या. आपल्याले सवय नाही, एवढंच." एवढेच बोलून त्यांनी चहा संपवला. पैसे मी काढले तर त्यांनी माझा हात धरला आणि आपण दिले. फॉर्मबद्दल ते तेव्हा बोलले नाहीत, गाडीत बोलले नाहीत, पुढेही कधी बोलले नाहीत.

दुरुस्त गुणपत्रिका मुदतीनंतर अकरा दिवसांनी आली. मुलाची जागा गेली.

त्यानंतर मी भोपाळला कितीदा तरी गेलो. आता तर आमचेच पांढुर्णे ५ ऑक्टोबर २०२३ पासून जिल्हा झाले आहे. सौंसर आपल्याबरोबर आहे, आणि जिल्ह्याच्या कामाला छिंदवाड्याची वाट धरावी लागत नाही. भोपाळ मात्र चुकलेले नाही. तेव्हा जाणाऱ्यासाठी चार गोष्टी सांगून ठेवतो. वल्लभ भवन, सातपुडा भवन, विंध्याचल भवन या बाजूला काम असेल तर मुख्य स्टेशनपर्यंत जाऊ नका. अलीकडे राणी कमलापतीला उतरा. २०२१ पर्यंत त्याचेच नाव हबीबगंज होते. मुक्काम न्यू मार्केटच्या आसपास करावा, चालत कामे होतात. तिथल्या इंडियन कॉफी हाउसात फेटेवाल्या वाढप्याकडून कॉफी घ्यावी. बसू देतात, उठवत नाहीत. संध्याकाळी बड्या तलावावर जावे. एवढे पाणी पाहून आमच्या जाम नदीकाठच्या माणसाला थोडा हेवा वाटतो. आणि चौकातला मिठाचा चहा एकदा प्यावा. पहिला घोट जड जातो.

तो मुलगा आता बाग पाहतो, संत्री नागपूरच्या मंडीत पाठवतो. त्याचे वडील करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये गेले. गेल्या वर्षी त्याची मुलगी आमच्या शाळेत नववीत आली. नववीचे नामांकन आता संगणकावर होते. मी मुख्याध्यापक, फॉर्म भरणे हे काही माझे काम नाही. तरी तिचे नाव आले तेव्हा मी ऑपरेटरला उठवले आणि स्वतः खुर्चीवर बसलो. 'ळ' कोणत्या कळीवर आहे ते शोधायला मला थोडा वेळ लागला. मागे रांग वाढत होती. तो दाराशी उभा राहून पाहत होता. मी पडदा त्याच्याकडे वळवला आणि म्हणालो, "नीट वाचून घे, मग पुढे पाठवतो."

त्याने वाचले. दोनदा वाचले. मग म्हणाला, "हाव सर, बरोबर आहे."