गच्चीवरचं जायरोकॉप्टर

गेल्या दसऱ्याला जेवताना मी घरात जाहीर केलं, की मला जायरोकॉप्टर बांधायचंय. आईने विचारलं, "हे काय असतं?" मी म्हटलं, "हेलिकॉप्टरचा धाकटा भाऊ." बाबा म्हणाले, "धाकटा म्हणजे स्वस्त, असंच ना?"

खरं तर असंच. पण स्वस्त असण्याला कारण आहे. हेलिकॉप्टरमध्ये डोक्यावरची पाती इंजिन फिरवतं. इथे इंजिन फक्त मागचा पंखा फिरवून यंत्राला पुढे ढकलतं, आणि वरची पाती वाऱ्यानेच फिरतात, आपण लहानपणी कार्तिक मेळ्यातून आणायचो त्या भिरभिऱ्यासारखी. इंजिन बंद पडलं तरी पाती फिरत राहतात आणि यंत्र हळूहळू खाली उतरतं. स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वाचं असं पहिलं यशस्वी यंत्र १९२३ मध्ये उडालं.

माझं मन बसलं होतं अमेरिकेच्या इगोर बेन्सनच्या आराखड्यावर. अॅल्युमिनियमच्या चौकोनी नळ्या, नटबोल्ट, एक खुर्ची, बस्स! १९५०च्या दशकापासून लोक त्याचे नकाशे टपालाने मागवून घरी यंत्र बांधत आले. मी नकाशा बाबांपुढे ठेवला. बाबांनी तीस वर्षं इथल्याच एका कापड गिरणीत फिटरचं काम केलंय. त्यांनी इंजिनाची ताकद विचारली नाही, किंमतही नाही. "पंख्याचा जोर वजनाच्या मध्यावरून जातो का?"

मला प्रश्नच कळला नाही. मग ते उठले आणि कपाटाला वरच्या बाजूने धक्का दिला. कपाट पुढे कलंडायला लागलं. (आतल्या बरण्या खणखणल्या. आईचं बोलणं इथे लिहीत नाही.)

मी महिनाभर वाचत बसलो तेव्हा लक्षात आलं, की बाबांनी नेमकं दुखणं पकडलं होतं. बेन्सनच्या यंत्रात पंखा लहान होता. पुढे हौशी लोकांनी मोठी इंजिनं, मोठे पंखे लावले. पंखा खालच्या नळीला लागू नये म्हणून इंजिन वर सरकलं, खुर्ची मात्र खालीच राहिली. उडताना वरच्या पात्यांवर भार असतो तोवर सगळं ठीक. झोत आला किंवा चालकाने दांडा पटकन पुढे ढकलला, की क्षणभर तो भार जातो, आणि मागचा पंखा यंत्राला नाकावर उलथतो. पात्यांचा वेग गेला की सावरायची संधीच नाही. यात अनेक जीव गेलेत. ग्लासगो विद्यापीठाच्या अभ्यासातही हाच मुद्दा कळीचा ठरला.

म्हणून आता आमची निवड आहे उंच सांगाड्याची: खुर्ची वर, पंख्याचा जोर चालकाच्या कमरेच्या आसपास, मागे भरपूर मोठी आडवी शेपटी. दिसायला अगदी उंट. वजन जास्त, खर्चही जास्त.

आईचं माहेर पुसदचं. तिथून जवळच फुलसावंगीला शेख इस्माईल नावाचा वेल्डिंगचं काम करणारा तरुण घरीच हेलिकॉप्टर बांधत होता. ऑगस्ट २०२१ मध्ये जमिनीवरच चाचणी घेताना शेपटीचं पातं तुटून मोठ्या पात्यावर आदळलं, आणि ते पातं त्याच्या डोक्याला लागलं. तो गेला. आईने तेव्हाचं कात्रण जपून ठेवलं होतं, हे मला आत्ता कळलं. तिने नको म्हटलं नाही. एवढंच म्हणाली, "पाती घरी बनवायची नाहीत."

ते मी मान्य केलं. माझ्या वहीतलं पात्यांचं पान फाडलं. पाती तयार, तपासलेलीच घ्यायची. यंत्र पूर्ण झालं, की ते टांगून, मी खुर्चीत बसून, वजनाचा मध्य मोजायचा, ही बाबांची अट.

कागदपत्रांचं वेगळंच. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. ते २०१६ मध्ये 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, पण नोंदणी मिळायला २०१७चा नोव्हेंबर उजाडला. डीजीसीएच्या परवानगीशिवाय मला जमिनीवरून वीतभरही उठायचं नाही, आणि त्याआधी रीतसर उडवायला शिकायचंय.

सध्या आमच्या गच्चीवर बाबांनी खडूने काढलेलं २३ फुटांचं वर्तुळ आहे. ते पाण्याच्या टाकीला कापून जातं. बाबा म्हणतात टाकी हलवू. आईने अजून होकार दिलेला नाही.