गाड्या पाच, संच सहा

१० मे
पावसाआधी आमच्या जीपच्या ताफ्यासाठी वॉकीटॉकी घ्यायचे ठरले. मुळशीमागच्या डोंगरात नेमकी गाडी अडकते तिथेच मोबाईलची रेंज गेलेली असते. पुढची थार ओढ्यात उतरली की मागच्या जिप्सीला ती दिसत नाही. पाणी किती आहे, दगड कुठे आहे, अडकलेली गाडी ओढणाऱ्या विंचचा दोर ताणलेला आहे का, हे मागच्याला उतरायच्या आधी कळले पाहिजे. मोबाईलच्या नेटवर्कवर चालणारे वॉकीटॉकीही दुकानात दिसले. टॉवर नसेल तिथे त्यांचा उपयोग नाही, म्हणून ते यादीतून आधी काढले.

१३ मे
ताफ्यातल्या दोघांचा आग्रह ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त, पाच वॅटच्या संचांचा होता. त्यांवर वाटेल ती फ्रिक्वेन्सी लावता येते, आणि माझी हरकत तीच आहे. त्या पट्ट्यांत परवाना घेतलेले लोक काम करतात, त्यांत पोलीस आणि बचावपथकेही असतात. आपल्या हौसेपायी त्यांच्या बोलण्यात अडथळा येता कामा नये. आपल्याकडे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधले कमी शक्तीचे संच परवान्याशिवाय वापरता येतात, मात्र त्या मॉडेलला सरकारची उपकरण-मान्यता हवी. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांसाठी याबद्दल मार्गदर्शक सूचनाच काढल्या. आम्ही फ्रिक्वेन्सी आणि मान्यता दोन्ही बघूनच घेणार.

१७ मे
कॉलेजातल्या सरांकडे गेलो. ते जुने हॅम, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाले. त्यांच्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या संचाची शक्ती जास्त, अँटेना गाडीच्या टपावर, आवाज स्वच्छ. पण ‘परवाना माणसाचा असतो, ताफ्याचा नाही,’ हे त्यांनी दोनदा बजावले. बोलणाऱ्या प्रत्येकाने परीक्षा द्यायला हवी. सीबीचा, म्हणजे सिटिझन्स बँडचा, विचारही झाला. २७ मेगाहर्ट्झला पाच वॅटपर्यंत मुभा आहे, लांब लहरी डोंगराच्या आडही थोड्या पोचतात. पण पाव लहरीची अँटेनाच पावणेतीन मीटरची होते. झाडीतल्या वाटेवर ती फांद्यांत अडकणार.

२४ मे
अर्ध्या वॅटचे दोन संच मागून आणले आणि रानात नेऊन पाहिले. खोक्यावर छापलेले किलोमीटर विसरावेत. सपाट माळावर, हात उंच धरून, आवाज लांबवर गेला. मध्ये डोंगराची सोंड आली की शब्द तुटले. वॅट वाढवून कातळ पारदर्शक होत नाही. गाडीचा पत्राही लहरी अडवतो. गिअरपाशी ठेवलेला संच खरखरत होता, काचेशी धरल्यावर बोलणे स्पष्ट झाले, खिडकीबाहेर काढल्यावर त्याहून चांगले. ताफ्यात आमचे अंतर शे-दोनशे मीटर असते. तेवढ्याला अर्धा वॅट पुरतो. वळणापलीकडे निरोप द्यायचा तर मधली गाडी तो पुढे सांगेल.

२८ मे
‘प्रायव्हसी कोड’ने बोलणे गुप्त होते हा समज काढून टाकला. कोड फक्त इतरांचा आवाज आपल्या कानाआड करतो. आपले बोलणे त्या चॅनेलवर कोणीही ऐकू शकतो. शिवाय एका गाडीचा कोड वेगळा लागला तर तिला आमचे काहीच ऐकू येणार नाही. म्हणून कोड बंद, चॅनेल एकच, आणि निघण्यापूर्वी प्रत्येक गाडीकडून हाक घ्यायची. पाण्याला आयपी ६७ हवे: एक मीटर पाण्यात अर्धा तास पडला तरी संच चालला पाहिजे.

१ जून
सहा संच घेतले. सहावा पायी उतरून वाट दाखवणाऱ्यासाठी. कंबरभर पाण्यात काठी टेकत जाणाऱ्याचा आवाज इंजिनांच्या घरघरीत काठावर पोचत नाही, आणि सगळ्यांत आधी ऐकायला हवा तो त्याचाच. नियम असे: बटण दाबून क्षणभर थांबायचे, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. निरोप ऐकणाऱ्याने परत म्हणून दाखवायचा. डावे-उजवे म्हणायचे नाही, ड्रायव्हर साइड किंवा कंडक्टर साइड म्हणायचे, कारण वाट दाखवणारा गाडीकडे तोंड करून उभा असतो. विंच चालू असताना सूचना एकानेच द्यायच्या. फक्त ‘थांबा’ कोणीही म्हणू शकतो, मागच्या सीटवरचे पोरही. ते ऐकले की पाय ब्रेकवर जाणार, कारण नंतर विचारायचे.