खिशातले अंडे

चिक्कडपल्लीच्या ज्या गल्लीत आम्ही राहतो, तेथील जुनी बैठी घरे एकेक करून पाडली जात आहेत आणि त्यांच्या जागी पाच-पाच मजली इमारती उठत आहेत. बांधकाम संपेपर्यंत वॉचमनचे कुटुंब तेथेच पत्र्याचा आडोसा करून राहते. अशाच एका आडोशासमोरून आम्ही रोज शाळेस जातो. विटांची चूल धुमसत असते. वाळूच्या ढिगावर चारेक वर्षांची एक पोर बसलेली असते. तिला आम्ही रोज पाहत होतो असे म्हणवत नाही. रोज तेथून जात होतो, एवढेच खरे.

आमची शाळा सरकारी. मध्यान्ह भोजनात अंडे देण्याचे वार ठरलेले असतात. आमच्या घराच्या उंबऱ्याआत अंडे कधी आले नाही. परंतु शाळेत ती मोजून घेणे आणि मोजून वाटविणे मुख्याध्यापक या नात्याने आमच्याच कपाळी आले आहे! आमचा दंडक असा की, मुलाने ते पंगतीतच खावे. गेल्या पावसाळ्यात सहावीतला एक मुलगा अंडे हळूच खिशात घालताना आम्हांस दिसला. आम्ही त्यास उभे केले, खिसा रिकामा करावयास लावला आणि साऱ्या पंगतीसमक्ष ‘चोरी’ हा शब्द उच्चारला. मान खाली घालून तो एवढेच म्हणाला, “मा चेल्लिकि, सार.” माझ्या धाकट्या बहिणीसाठी. तरीही आम्ही ते अंडे त्यास आमच्यासमोर खावयास लावले. तो रडत रडत जेवला, असे लिहिले तर वाचकांस बरे वाटेल. पण तो रडला नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत येईनासा झाला.

त्याच आठवड्यात पंडिता रमाबाईंचे आत्मकथन आमच्या वाचनात होते. रविवारी सकाळी आम्ही ते घेऊन जवळच्या शहर केंद्रीय ग्रंथालयाच्या आवारात जाऊन बसलो. नोकरीच्या परीक्षांची तयारी करणारी तरुण मुले तेथे झाडाखाली दिवसच्या दिवस वाचीत बसतात. त्यांच्यात आमच्यासारखा पिकल्या केसांचा विद्यार्थी खपून जातो.

आमच्या बालपणी घरात रमाबाईंचे नाव निघाले की आजोबा विषय बदलीत. विदुषी खरी, पण बाटली, एवढ्यावर प्रकरण मिटे. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८९३ साली शारदा सदनातील मुलींच्या धर्मांतरावरून पुण्यात गहजब उडाला, रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. हे सारे आम्ही एम. ए. ला पाठ केले होते. परंतु १८७४ च्या सुमारास, दक्षिणेत तीर्थाटन करणाऱ्या या शास्त्र्याच्या कुटुंबाची दुष्काळात अन्नान्नदशा झाली, आधी वडील गेले, मग आई गेली, या मजकुरापाशी आम्ही कधी थांबलो नव्हतो. आजारी आईसाठी भाकरीचा तुकडा मागावयास रमा शेजाऱ्यांच्या दारी गेली, तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटेना. संस्कृत मुखोद्गत असलेली ती मुलगी!

पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात याच रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावी त्यांचे ‘मुक्ती’ उभे राहिले. त्या मुलींत त्यांना ख्रिस्त दिसला, असे मिशनरी म्हणतील. आम्हांस वाटते, आधी त्यांना त्यांत दारात उभी राहिलेली मुकी रमा दिसली असावी. आणि या दोन दर्शनांत फार अंतर असेल, असेही वाटत नाही. तहानेल्या गाढवाच्या मुखी गंगोदक घालणाऱ्या नाथांची कथा आम्ही मुलांना दरवर्षी सांगतो. केडगावची कथा मात्र सांगत नाही, कारण आमच्या घरांनी वाचविलेल्या मुली मोजल्याच नाहीत, बाटलेल्या तेवढ्या मोजल्या.

ज्या वचनावर रमाबाईंची श्रद्धा होती, ते मत्तयाच्या शुभवर्तमानात पंचविसाव्या अध्यायात आहे. न्यायाच्या दिवशी राजा काहींना म्हणतो, मी भुकेला होतो, तुम्ही मला जेवू घातले. ते चकित होऊन विचारतात, आम्ही तुला केव्हा पाहिले? ज्यांनी घातले नाही, तेही हेच विचारतात. प्रश्न एकच, पण दुसऱ्यांच्या प्रश्नात आम्हांस एक हिशेब दडलेला वाटतो: तू आहेस हे ठाऊक असते, तर दिले असते. तो हिशेब आमच्या ओळखीचा आहे. एखाद्या अधिकाऱ्याच्या चिरंजीवाच्या खिशात ते अंडे सापडते, तर आमच्या तोंडी ‘चोरी’ हा शब्द आला असता काय?

सोमवारी वर्गात पत्ता विचारला. मुलांनी सांगितला तो आमच्याच गल्लीचा, त्याच आडोशाचा. सायंकाळी बिस्किटांचे दोन पुडे घेऊन गेलो. मंडळी पालमूरकडची, शेत कोरडवाहू. मुलाच्या आईने सिमेंटची बादली पालथी घालून आम्हांस बसावयास दिले, पेला दोनदा विसळून पाणी दिले. वाळूवरची ती पोर पुड्याकडे पाहत राहिली, पण आमच्या हातून तिने तो घेतला नाही. मुलगा खांबाआड उभा होता. क्षमा मागण्याचे शब्द तेलुगूत आम्हांस येतात. पण ते बाहेर पडले नाहीत. “उद्या शाळेत पाठवा,” एवढे बोलून आम्ही उठलो.

तो आला. अंड्यांच्या दिवशी परात त्याच्यापुढे येताच त्याने एकदा आमच्याकडे पाहिले आणि हात मागे घेतला. आम्ही स्वयंपाकीणबाईंना खूण केली. त्यांनी अंडे त्याच्या ताटात ठेवले. मग आम्ही पाठ फिरवली आणि भिंतीवरचा भोजनाचा तक्ता वाचू लागलो. पंगत उठेपर्यंत मागे वळून पाहिले नाही.