वारीची रोजनिशी (लेखांक ४) : नीरेपासून फलटण, आणि तिथून पलंग

वाल्हे ते लोणंद

नीरेत माउलींच्या पादुकांना स्नान घालत होते, तेव्हा मी बरीच मागे पाण्यात पाय सोडून बसले होते. भक्तीने नव्हे, डावा चवडा ठणकत होता म्हणून. दिवे घाटापासून त्याची कुरकुर चालूच होती. ‘वारीत पाय दुखले नाहीत तर वारी कसली’ असं सगळेच म्हणतात, त्यामुळे मी ते दुखणं जरा मिरवलंसुद्धा. पण पोटऱ्या दुखतात त्या सगळ्याच दुखतात. हे दुखणं दुसऱ्या बोटाच्या मागे, पावलाच्या वरच्या अंगाला, एक बोट टेकेल एवढ्याच जागेत होतं. बसलं की शांत, चालू लागलं की हजर.

मुक्कामाला सेवेकरी पोरं वारकऱ्यांचे पाय चेपत होती. एकाने तेल लावून अंगठा नेमका तिथेच रुतवला. माझ्या तोंडून जो शब्द निघाला तो दिंडीत चालणारा नव्हता. मदत केंद्रात क्रेप बँडेज बांधलं आणि वेदनाशामक गोळी दिली. गोळीने बरं वाटलं, तिथेच घोटाळा झाला.

लोणंद ते तरडगाव

सकाळी आणखी एक गोळी घेऊन निघाले. चांदोबाच्या लिंबापाशी पहिलं उभं रिंगण. दोन्ही बाजूंना वारकऱ्यांच्या रांगा, मधून आधी स्वाराचा घोडा आणि मागून माउलींचा, पाठ मोकळी असलेला. टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडाली. मीही वाकले, पण उठताना पाऊल टेकवेना.

आमच्या दिंडीतल्या परभणीकडच्या आजी रबरी चपलेवर चालतात. माझे बूट त्यांनी पहिल्याच दिवशी उलटेपालटे करून पाहिले होते. आज म्हणाल्या, “माय, एवढ्या पैशात माझी शेळी आली असती. आन् ह्ये चालंना!”

रात्री पांघरुणाचं ओझंही सोसवेना.

तरडगाव ते फलटण

दिंडीच्या सामानाच्या ट्रकमधून, पातेल्यांच्या शेजारी बसून फलटणला आले. डॉक्टरांनी एक्सरे काढला. तो स्वच्छ होता. मी हरखले, तर ते म्हणाले, “पहिले दोन-तीन आठवडे एक्सरे बहुधा असाच येतो. हाड भरून यायला लागलं की मग खूण दिसते. लवकर कळायचं तर एमआरआय.” मग त्यांनी एका बोटाने ती जागा दाबली आणि मी खुर्चीतून उठले.

“निघण्याआधी तयारी काय केली होती?”

मी अभिमानाने सांगितलं, शेवटच्या तीन आठवड्यांत दोन किलोमीटरवरून बारावर नेलं, रोज, एकही खाडा नाही.

“आणि उरलेलं वर्ष?”

“बँकेत, खुर्चीवर.”

डॉक्टर पुण्यात शिकलेले असावेत, कारण उपमा त्यांनी तिथलीच दिली. हाडावर नवा भार आला की शरीर रस्त्याचं काम काढतं. जुनं हाड खोदायचं काम काही आठवड्यांत उरकतं, नवं भरायला महिने लागतात. मधल्या काळात रस्ता उखडलेला असतो आणि नेमकी तेव्हाच आपण त्यावरून अवजड वाहतूक सोडतो. एका पावलाने काही मोडत नाही. डागडुजीला उसंत न देता टाकलेल्या हजारो पावलांनी तडा जातो. म्हणजे माझा ‘एकही खाडा नाही’ हाच गुन्हा होता.

हा आजार सैन्यातून माहीत झाला. 1855 मध्ये प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरने कूच करून सुजलेली सैनिकांची पावलं नोंदवली. एक्सरेचा शोधच 1895 चा. 1897 मध्ये त्या सुजेखालचा तडा दिसला. तोवर कितीजणांना कामचुकार ठरवून पुन्हा चालायला लावलं असेल, देव जाणे. अजूनही त्याला ‘मार्च फ्रॅक्चर’ म्हणतात.

आजींना का झालं नाही, ते मला ट्रकमध्येच उमगायला हवं होतं. त्या वर्षभर बांधावरून चालतात. त्यांचं हाड त्या चालीचंच घडलेलं आहे, माझं खुर्चीचं. शिवाय माझं वय त्रेपन्न, पाळी जाऊन तीन वर्षं झालेली, ऊन फक्त पार्किंगपुरतं. हेही डॉक्टरांनी एकेक करून विचारून घेतलं.

“नशीब चांगलं आहे,” ते म्हणाले. “हाच तडा नडगीच्या पुढच्या कडेला, पावलाच्या कमानीतल्या होडीसारख्या हाडाला किंवा करंगळीमागच्या हाडाच्या बुडाशी असता, तर तो हट्टी निघाला असता. तो भरता भरत नाही.”

पालखी विमानतळाच्या मैदानावर उतरली होती. विणेकरी बुवांना भेटून निरोप घेतला. “माउली, पाय तुमचे, वारी त्यांची,” एवढंच म्हणून ते पुन्हा विण्याला लागले.

पुणे, पलंग

एमआरआयमध्ये तडा दिसला. सहा आठवडे कडक तळव्याचा बूट, घरातल्या घरात जेमतेम चालणं, डी जीवनसत्त्व फारच कमी म्हणून दर आठवड्याला दुधातून एक पुडी. प्लास्टर नाही, त्यामुळे सहानुभूतीही नाही. भेटायला येणारे आधी पायाकडे बघतात, मग माझ्याकडे. एकादशी टीव्हीवर पाहिली.

सातवा आठवडा

रोज सकाळी त्या जागेवर बोट दाबते. आज काही झालं नाही. पुन्हा दाबलं, जरा जोरात. नाही. आता एक दिवसाआड, सपाट रस्त्यावर, दहा मिनिटं. दुखलं तर थांबून मागच्या पायरीवर यायचं. मी आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले आणि उरलेली तीन मिनिटं बाकावर बसून काढली.

नववा आठवडा

वीस मिनिटं. संध्याकाळी परभणीहून फोन.

“कार्तिकीला येती का पंढरपूरला?”

“एसटीने येईन, आजी.”

पलीकडे थोडा वेळ शेळ्यांचाच आवाज. मग, “आन् ते बूट?”

“आहेत.”

“इकू नको,” म्हणाल्या. “पण घालून आतापास्नं हिंडत ऱ्हा.”