धुके

दिवाळीच्या फराळाला येणारी मंडळी आमच्या बैठकीतल्या एका फोटोपाशी हटकून थांबतात. टेकडीवरचे एकटे वडाचे झाड, खाली तळ्याची कड, आणि उजव्या अंगाने झाडावर चाल करून येणारा पांढराशुभ्र लोट. "काय सुरेख धुकं पडलंय हो!" असे चकली मोडता मोडता कोणीतरी म्हणतेच. मी "हो ना" म्हणतो आणि चिवड्याची बशी पुढे सरकवतो. वर्षानुवर्षे हे असेच चालले आहे. यंदा मात्र त्या धुक्याची हकीकत सांगून टाकावी म्हणतो.

आमच्या अण्णांचा तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ होता. लग्ने, मुंजी, परीक्षेच्या अर्जावरचे फोटो, आणि कुणी गेले की भिंतीला टेकवून बसवलेल्या देहाचा शेवटचा फोटो, यांवर आमचे घर चाले. पण तुळशीचे लग्न लागले की थंडीच्या एखाद्या पहाटे अण्णा आपला यशिका कॅमेरा खांद्याला लावून एकटेच बाहेर पडत. तो एक रोल त्यांचा स्वतःचा. बारा फोटोंचा. त्यात माणूस नसे. झाड असे, तळे असे, ढग असत. आई म्हणे, "झाडं काय पैसे देणारेत का?" अण्णा हसत आणि चहाचा कप पुढे करीत.

मी दहा वर्षांचा असताना एकदा ते असेच परतले. बारापैकी दहा फोटो घेऊन झाले होते, दोन संध्याकाळच्या उजेडासाठी राखून ठेवले होते. ते आंघोळीला गेले आणि टेबलावरचा कॅमेरा मला बोलावू लागला. आत झाड कसे बसले असेल, एवढेच मला पाहायचे होते. मी पाठीमागचे झाकण उघडले. आत झाड नव्हते, नुसती गुंडाळी होती. मान वर करतो तो दारात अण्णा उभे, केसांतून पाणी ठिबकते आहे. मला वाटले, आता कानाखाली बसणार. अण्णा म्हणाले, "पाहून झालं? मग लाव झाकण."

एवढेच. मारले असते तर मी ती गोष्ट केव्हाच विसरलो असतो.

रात्री त्यांनी मला डार्करूममध्ये नेले. वाया गेलेला रोल त्यांनी धुतला. गुंडाळीच्या वरच्या पदरांवरचे फोटो काळेठिक्कर झाले होते. अगदी आतला, पहाटे घेतलेला पहिला फोटो तेवढा वाचला होता, त्याच्याही एका बाजूला उजेड शिरला होता. लाल दिव्याखाली अण्णांनी त्याचा कागद थाळीत सोडला. हळूहळू वड वर आला, आणि निगेटिव्हवर जिथे काळा डाग होता तिथे कागद पांढराच राहिला. दुसऱ्या कागदावर त्यांनी तळहाताची सावली हलवत झाडाला बेताचा उजेड दिला, त्या पांढऱ्याची कड मऊ केली. तिसऱ्या कागदावर धुके आले. तो फोटो त्यांनी दुकानात लावला. गिऱ्हाईक धुक्याची तारीफ करी तेव्हा अण्णा माझ्याकडे पाहून नुसते हसत. त्यांच्या आयुष्यातले प्रदर्शन ते एवढेच: एक भिंत, एक चौकट.

अण्णा गेल्यावर काही वर्षांनी पुण्यात जुन्या पुस्तकांच्या दुकानात मला अॅन्सेल अॅडम्स या अमेरिकन छायाचित्रकाराचे पुस्तक मिळाले. पियानोवादक व्हायला निघालेला हा गृहस्थ योसेमिटीच्या डोंगरांनी ओढून घेतला. १९२७ च्या एप्रिलात तो बारा काचा घेऊन हाफ डोमसमोरच्या कड्यावर चढला. शेवटी दोन उरल्या. एक पिवळ्या काचेतून घेतली, पण डोळ्यांपुढे होते ते त्यात उतरणार नाही असे वाटून अखेरचीसाठी तांबडी काच लावली. आकाश काळेभोर झाले, आणि कडा त्याच्या मनात होता तसा उभा राहिला. पुढे १९३६ साली न्यूयॉर्कला स्टीग्लिट्झच्या गॅलरीत आणि १९७९ साली तिथल्याच आधुनिक कलेच्या संग्रहालयात त्याची प्रदर्शने झाली. किंग्ज कॅनियन १९४० साली राष्ट्रीय उद्यान झाले, त्यातही त्याच्या चित्रांचा हातभार होता.

पण मी थबकलो ते एका चंद्रोदयापाशी. १ नोव्हेंबर १९४१ ची संध्याकाळ. आपल्याकडे ते तुळशीच्या लग्नाचे दिवस. न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर चंद्र वर आलेला, आणि मावळत्या उन्हात कबरस्तानातले पांढरे क्रूस उजळलेले. अॅडम्सने गाडी थांबवली. प्रकाश मोजायचे यंत्र सापडेना. चंद्राचे तेज किती ते त्याला पाठ होते, त्यावरून हिशेब करून त्याने एक फोटो घेतला. दुसरा घेणार तोच क्रूसांवरचे ऊन गेले. गाडीत त्याचा आठ वर्षांचा मुलगा होता. त्याने कॅमेऱ्याचे झाकण उघडले नाही, हे जगाचे भाग्य!

ती एकुलती एक निगेटिव्हही निर्दोष नव्हती. खालचा भाग फिका होता. १९४८ साली अॅडम्सने औषधाने तो गडद करून घेतला. आकाशात ढगांचे पट्टे होते, तेही छापताना तो वर्षानुवर्षे अधिक काळे करीत गेला. आज आपण पाहतो ते काळे आकाश त्या संध्याकाळी तसे नव्हते. निगेटिव्ह म्हणजे संगीताची लिपी आणि छापणे म्हणजे मैफल, असे तो मानी.

हे वाचले आणि माझ्या मनातला जुना काटा हलला. अण्णांनी त्या रात्री माझी चूक लपवली, असे मी समजत होतो. डाग कापून टाकणे त्यांना अवघड नव्हते. चौकट थोडी अरुंद केली असती की झाले. त्यांनी तो ठेवला. झाड त्यांचे आणि धुके माझे, असा तो दोघांचा फोटो त्यांनी भिंतीला लावला. मी मात्र तीस वर्षे वर्गात मुलांसमोर खरे बोलण्याचे धडे वाचीत असताना घरात "हो ना" म्हणत राहिलो. ते हयात असताना एकदाही मी म्हणालो नाही, की अण्णा, चुकलो.

परवा माझा एक माजी विद्यार्थी आला होता. संगणकावर काम करतो. म्हणाला, "सर, उजवीकडचं धुकं जरा जास्त झालंय. फोटो द्या, दोन मिनिटांत काढून टाकतो."

"ते धुकं नाही रे," मी म्हणालो, "तो मी आहे. राहू दे."

तो गोंधळून माझ्याकडे पाहू लागला. मी त्याच्या बशीत आणखी एक चकली घातली आणि त्याला बस म्हणालो.